प्रत्येक फेरफार वारसाचा नसतो

तलाठ्याच्या दप्तरात ज्याने फेरफाराची वही पाहिली आहे, त्याला हे सांगावयास नको की प्रत्येक फेरफार वारसाचा नसतो. कित्येक नोंदी खरेदीच्या, काही बोजाच्या, आणि एखादी तर केवळ नक्कल उतरताना झालेल्या चुकीच्या दुरुस्तीची असते. रक्ताच्या कर्करोगाचे नाव निघताच मात्र हा साधा भेद आपण विसरतो. रिपोर्टावर ‘जनुकीय बदल’ हे शब्द दिसले, की बोईसरची चाळ असो वा तारापूरचा पाडा, मुलाच्या आईला पहिला प्रश्न होतो तो ‘तुझ्या माहेरी कोणाला होता का गं?’ हाच, आणि आधीच खचलेल्या त्या माउलीची मान खाली जाताना मी पाहिली आहे.

वस्तुस्थिती अशी, की ल्युकेमियातील बहुतेक फेरफार आईबापांकडून आलेले नसतात. अस्थिमज्जेतील एखादी पेशी विभागताना ते घडतात, तिच्याच वंशात राहतात, आणि बीजपेशींत नसल्यामुळे पुढील पिढीकडे जात नाहीत.

‘कर्करोगाचे जनुक अंगात आहे’ हेही बोलणे अर्धवटच. अर्बुदनिरोधक, म्हणजे कर्करोगाला अटकाव करणारी, जनुके असणे हे संकट नव्हे, ती निकामी होणे हे संकट. सतराव्या गुणसूत्रावरील टीपी५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला विभाजनापासून रोखते, प्रसंगी तिचा अंतही घडवून आणते. १९७९ साली त्याचे प्रथिन सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यालाच गुन्हेगार ठरविले होते, आणि ही नोंद दुरुस्त व्हावयास १९८९ साल उजाडावे लागले. अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. सामान्यतः दोन्ही गेल्या म्हणजे बंधन सुटते, हे तत्त्व आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये बालकांच्या डोळ्यांतील कर्करोगावरून मांडले.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र असल्याने, आणि शेजारी एमआयडीसीचे कारखाने असल्याने, ‘प्लांटामुळेच झाले’ हा निर्वाळाही येथे सहज दिला जातो. किरणोत्साराच्या मोठ्या मात्रेने ल्युकेमिया वाढतो हे हिरोशिमा-नागासाकीने दाखविले, बेंझिनचा दोषही सिद्ध आहे, म्हणून कामगारांच्या तपासण्यांत कसूर मुळीच चालू नये. परंतु एका रोग्याच्या जनुकातील फेरफार पाहून त्याचे कारण सहसा सांगता येत नाही.

फेरफार सापडला म्हणजे सारे संपले, हेही खरे नव्हे. वृद्धांत आढळणाऱ्या दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमियात टीपी५३ हरपले असेल तर जुनी केमोथेरपी फारशी लागू पडत नाही, पण नव्या गोळ्यांचा उपयोग होतो. म्हणूनच औषध ठरविण्याआधी ही तपासणी करतात.

फेरफार वारसाचा नसतो या नियमाला अपवाद आहे, आणि तो लपवू नये. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या एका विरळ प्रकारात, जेथे पेशीतील गुणसूत्रे चाळिशीच्या खाली उतरलेली असतात, टीपी५३चा फेरफार पुष्कळदा खरोखरच वारसाचा निघतो. तेथे घरच्या माणसांची तपासणी करावीच लागते, आणि प्रत्यारोपणासाठी भावंडाची मज्जा घ्यावयाची झाल्यास तोच फेरफार त्याच्या अंगी नाही ना, हे आधी पाहावे लागते.