जीपच्या आसावरचे झाकण

वडनेर भोलजीला महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या जीपखाली वाकून पाहिले, तर मागच्या आसाच्या मधोमध एक गोळा दिसतो. हाच डिफरन्शियल. खळ्यात तिवड्याभोवती पात फिरते तेव्हा कडेचा बैल जास्त चालतो, तिवड्याजवळचा कमी. वळणावर चाकांचेही तसेच होते आणि आतले दाते हा फरक सांभाळतात. मोठे चक्र खालचे तेल उडवत फिरते, तेच तेल बेअरिंगपर्यंत पोचते. काही गाड्यांत या गोळ्याला मागून बोल्टने बसवलेले पातळ पत्र्याचे झाकण असते. दगडावर आपटून ते दाते घासेपर्यंत चेपू शकते, म्हणून हौशी मंडळी बाजारातले जाड झाकण बसवतात.

निवड मात्र चमक पाहून करू नये. खडकाळ घाटवाटांसाठी जाड पोलाद किंवा ओतीव लोखंड बरे. बाहेरून खाचा पाडलेले ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडते हे खरे, पण पूर्णाकाठची काळी माती त्या खाचांत लिंपली की वारा लागणार कुठून? जास्त तेल मावते म्हणून तेल थंड राहते, असेही म्हणतात. प्रत्यक्षात ते फक्त उशिरा तापते. शिवाय आतून सपाट झाकण उडालेल्या तेलाची वाट मोडते, गोलाई असलेले ती वळवून देते. नुसत्या चिखलातच फिरणाऱ्याने मूळ झाकण ठेवावे आणि आसाच्या श्वासनळीचे तोंड उंच न्यावे. तापलेला आस नाल्यात उतरला की पाणी तिथूनच आत ओढले जाते.