विनातारण

हुपरीच्या शाखेत बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या शब्दसंग्रहात तीन शब्दांची भर पडली : आटणी, मूस आणि टंच. चौथा शब्द मात्र मी सोबत घेऊनच गेलो होतो. तो म्हणजे तारण. चांदीच्या मालावर कॅश क्रेडिट द्यायचे तर माल पाहायचा, टंच तपासायचा, मार्जिन ठेवायचे; एवढे करूनही झोप लागेलच याची हमी नाही. मे २०११ च्या पहिल्या आठवड्यात जागतिक बाजारात चांदी पाव किमतीहून अधिक घसरली आणि आमचे तारण कागदावरच वितळले. पैंजणांचे गाव ते, पण त्या आठवड्यात गप्प होते.

आमचे हेडकॅशियर ख्रिस्ती होते. (नाव देत नाही, त्यांना ते आवडायचे नाही.) ‘तारण’ हा शब्द त्यांच्या चर्चमध्येही रोजचा, पण तिथे त्याचा अर्थ उद्धार, हे मला त्यांच्याकडूनच कळले. “साहेब, तुम्ही आधी तारण घेता, मग विश्वास ठेवता. आमच्यात आधी विश्वास, मग तारण,” असे ते हसून म्हणत.

त्याच पावसाळ्यात त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. घरी प्रार्थनेला मीही गेलो होतो. बाहेरगावच्या एका उपदेशकांनी मलाखी संदेष्ट्याचा दाखला दिला. जुन्या करारातल्या त्या शेवटच्या पुस्तकात देवाला रुपे गाळणाऱ्याची उपमा आहे. गाळणारा चांदी कुठवर तापवतो, तर तीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत, असे ते म्हणाले. दृष्टांत सुंदर होता. कॅशियरच्या पत्नी उठून आत गेल्या.

दहा-बारा दिवसांनी कॅशियर मला म्हणाले, “साहेब, आटणी बघायची आहे. चला.” चांदीच्या गावात वर्षानुवर्षे नोकरी केलेला माणूस, पण आटणीच्या भट्टीपाशी कधी उभा राहिला नव्हता. आम्ही गेलो. चांदी वितळायला सुमारे ९६२ अंश सेल्सिअस लागतात; त्या लहानशा खोलीत उभे राहणेही कठीण होते. कॅशियरनी आटणीवाल्याला सरळ विचारले, “यात तुमचं तोंड दिसतं का हो?”

“तोंड कसलं दिसतंय? डोळं दिपत्यात नुसतं,” तो मुशीवरून नजर न काढता म्हणाला. “पर नजर हलवायची न्हाई. जास्त तापली की वारा पिती, आन् गार हुताना थुंकती.” हे खरेच आहे. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि थिजताना तो उसळून बाहेर टाकते.

परतताना कॅशियर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नजर हलवत नाही, एवढं पटलं. पण चांदीला कुणी विचारलं नाही.” थोड्या वेळाने, “तुम्ही लेखक ना? रमाबाई वाचा.”

पंडिता रमाबाई मला शाळेच्या पुस्तकापुरत्याच ठाऊक होत्या. मग वाचल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. व्रते, तीर्थस्नाने, दानधर्म सारे करूनही गेली, आणि मुलीची श्रद्धा तिथेच तडकली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून दुःख थांबले असेही नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुण्याला नेले, तर १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात सगळी चूक एकाच बाजूची होती असे मला वाटत नाही. पण १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. भूक दिसली की तिला ओळख पटत असे, कारण ती स्वतः उपाशी राहिली होती. देवाने आपल्याला गाळून शुद्ध केले, असे म्हणत ती बसली नाही. विहिरी खणवल्या, मुलींना छापखाना चालवायला शिकवले.

आणि मग १९२१. मनोरमा गेली, चाळिशीची, आईनंतर सारे सांभाळायची ती. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या नऊ महिन्यांत त्यांची देवाशी काय बोलणी झाली असतील, हे मला कादंबरीकार म्हणूनही लिहायचे धाडस होत नाही. कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी ‘तारण काय?’ विचारले. या बाईला तो प्रश्न देवाला विचारता आला असता. बहुधा विचारलाही असेल.

हे सगळे मी कॅशियरना सांगितले. ते नोटा मोजत होते. गड्डी बांधून झाल्यावर म्हणाले, “रविवारी जातो मी चर्चला. गाणी म्हणत नाही अजून. नुसता बसतो.”

“आणि वहिनी?”

“ती पहिल्या रविवारपासून म्हणते. मोठ्यानं म्हणते.”