चांदीचा रुपया किती रुपयांचा?

पुष्कळांच्या घरी डब्यात नाहीतर देव्हाऱ्यात जुना चांदीचा रुपया असतो. लक्ष्मीपूजनाला तो मांडतात. त्याची खरी किंमत कशी काढायची, ते मी या लेखात सांगणार आहे.

मला असा एक रुपया आजीने वाढदिवसाला दिला. तसलेच चार तिच्या बटव्यात होते. ते तिला तिच्या सासूने दिलेले. आजीला चष्मा करायचा होता. दारावर मोड घेणारा आला, तो म्हणाला, "एकेकाचे दोनशे देतो." काका म्हणाले, "आई, देऊ नको. मोबाईलवर दाखवतात, अशा नाण्याला लाख रुपये मिळतात." मग खरं कोणाचं? आजी त्याला म्हणाली, "चौकशी करून सांगते." मी माझा रुपया गुरुजींना दाखवला.

गुरुजी म्हणाले, आधी साल बघ. माझ्या रुपयावर १९१८ साल आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं तोंड आहे. दुसऱ्या बाजूला वेलपत्ती आहे आणि खालच्या फुलाखाली बारीक टिंब आहे. टिंब असलं तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. नसलं तर कलकत्त्याचं.

साल का बघायचं? तर त्या काळच्या रुपयात १२ भागांत ११ भाग चांदी असे. १९४० पासून चांदी निम्मीच घालू लागले. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी मुळीच नाही. तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही.

मग वजन करायचं. नवा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. आम्ही सोनारकाकांच्या काट्यावर ठेवला, तर ११.५२ ग्रॅम भरला. हातोहात फिरून तो झिजला आहे.

आता गणित करू. ११.५२ ला १२ ने भागलं, ०.९६ आले. त्याला ११ ने गुणलं, १०.५६ आले. म्हणजे इतके ग्रॅम शुद्ध चांदी. समजा, चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे, तर चांदी १,०५६ रुपयांची झाली. त्या दिवशीचा भाव घालून हेच गणित करायचं. सोनार घट धरून थोडे कमी देतो.

मग लाख रुपये का नाहीत? कारण १९१८ साली महायुद्ध चालू होतं. सरकारला रुपये फार लागले, अमेरिकेतून चांदी आणून कोट्यवधी पाडले. जे पुष्कळ आहे, त्याला जादा किंमत येत नाही. १९११ च्या रुपयाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर राजाच्या छातीवरचा हत्ती डुकरासारखा दिसे. लोकांनी कुरकुर केली, म्हणून बरीचशी नाणी वितळवली आणि १९१२ साली हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया जमवणारे लोक जास्त पैसे देतात. पण नाण्याला माळेसाठी कडी लावलेली असली तर त्यांना ते नको असतं.

आजीने दोन रुपये सोनारकाकांना पावती घेऊन दिले. चष्मा झाला. दोन रुपये बटव्यात राहिले, माझा माझ्याजवळ आहे.

तर पालकांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. साल बघितल्याशिवाय आणि वजन केल्याशिवाय दारावर नाणं देऊ नका. राखेने किंवा चिंचेने घासू नका, नक्षी झिजते. आणि "लाखो रुपये देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर एक पैसाही भरू नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच सांगितलं आहे की अशा व्यवहारात बँक नसते आणि कमिशनही मागत नाही.

आज घरी जाऊन तुमच्या रुपयाचं साल वाचा आणि मला सांगा.

– इयत्ता चौथी