जाळीच्या पडद्यांची घडीची चौकट

सराफा बाजारातील जुन्या घरांची रचना आपणां सर्वांस परिचित आहे. खाली पेढी, वर राहते घर, आणि वरच्या खिडक्या थेट रस्त्यावर उघडणाऱ्या. अशा खिडकीवर टांगलेला जाळीचा पडदा घरातील माणसांपेक्षा रस्त्यावरील माणसांसच अधिक दिसतो. त्याची एक बाजू आखडलेली आणि दुसरी लोंबती असली, खालची कड लाटेप्रमाणे वरखाली झाली, तर ती गोष्ट खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटत नाही. दिवाळीपूर्वी घरोघर पडदे धुतले जातात आणि त्याच सुमारास हा प्रकार हटकून घडतो.

कापडाच्या व्यवसायात असलेल्या आमच्या बंधूंस याची दुसरी बाजूही ठाऊक असेल. सात फुटांचा म्हणून विकलेला सुती जाळीचा पडदा पहिल्या धुण्यानंतर परत दुकानी येतो, आणि आणणारा गृहस्थ स्पष्ट सांगतो की तुम्ही माप कमी दिले. गज दाखवून, शपथ घेऊन त्याचे समाधान होत नाही, कारण समोर अंथरलेला पडदा खरोखरच कमी भरतो. व्यापाऱ्याने खोटे केलेले नसते आणि गिऱ्हाईकही खोटे बोलत नसते. मग लबाडी केली कोणी? पाण्याने, असे उत्तर द्यावे लागेल.

साध्या विणीच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांस दाटून धरतात. जाळीत धाग्यापेक्षा मोकळी जागाच अधिक, त्यामुळे प्रत्येक घराला हवे तसे तिरपे होण्यास वाव असतो. शिवाय यंत्रावर तयार होताना सूत ताणलेले असते. ते पाण्यात पडले की फुगते, मऊ होते, त्याचा ताण सुटतो आणि जाळी आखडते. यानंतर वाळताना तिला जो आकार मिळेल तोच ती धरून ठेवते. आमच्या सराफ बंधूंस हे सांगण्यास फार शब्द नकोत. जंत्रीतून ओढून कडक झालेली सोन्याची तार तापवून मऊ केल्यावाचून हवी तशी वळत नाही. सुताच्या बाबतीत तापवण्याचे ते काम पाणी करते. दोरीवर वाळत घातलेला पडदा दोरीचा आणि स्वतःच्या वजनाचा आकार घेतो. त्याला खिडकीचा आकार हवा असेल तर ओला असतानाच तो त्या मापात बांधून ठेवला पाहिजे.

यासाठी पाश्चात्त्य देशांत जी चौकट वापरीत, ती समजून घेण्यासारखी आहे. जॉन हीथकोट याने १८०९ साली जाळी विणण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८४६ साली जॉन लिव्हसी याने नॉटिंगहॅम येथे पडद्यांची जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले. तोवर श्रीमंतांचीच मिरास असलेली जाळी त्यानंतर मध्यम स्थितीच्या घरांतही आली. तेथील शहरांत दगडी कोळशाचा धूर फार. पडदे वारंवार धुवावे लागत. अमेरिकेत तर जरा बऱ्या स्थितीला आलेल्या आयरिश कुटुंबांस ‘जाळीच्या पडद्यांचे आयरिश’ असे थट्टेने म्हणत. खिडकीवरून घराची पत ठरवण्याची रीत केवळ आपल्याच बाजारात आहे असे नव्हे! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पडदे ताणण्याच्या चौकटींची अनेक पेटंटे घेतली गेली.

मूळ कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडात लोकरीचे ओले कापड आकड्यांच्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवीत. आपल्याकडील विणकर ताण्याला पांजणी करताना तो लांबच लांब ताणून खळ लावतो आणि ताणलेलाच वाळवतो. आजच्या कापड गिरण्यांतील ‘स्टेंटर’ हे यंत्रही कापडाच्या दोन्ही कडा पकडून ते गरम हवेतून नेते. तत्त्व एकच आहे.

चौकटीचे अंग साधे आहे. दोन लांब आणि दोन आखूड लाकडी पट्ट्या. प्रत्येकीच्या कडेने सुमारे एक एक इंचावर बारीक टोकदार खिळे. कोपऱ्यांवर हाताने पिळता येणारे नट, ते सैल केले की पट्ट्या मागेपुढे सरकतात. पट्ट्यांवर फूट-इंचांच्या खुणा असतात. काम झाले की पट्ट्या बिजागरीवर दुमडून सारी चौकट भिंतीशी उभी करता येते. कोणताही चांगला सुतार सागवानात ती करून देईल. खिळे मात्र पितळेचेच असावेत असा आमचा आग्रह आहे. लोखंडी खिळा ओल्या सुताला लागला की गंजाचा डाग पडतो, आणि तो डाग काढण्याच्या खटपटीत जाळी फाटते.

वापरण्याची रीत अशी. पडदा धुण्यापूर्वी त्याची लांबी-रुंदी मोजून कागदावर टिपावी, आणि चौकट त्याच मापाला आवळून ठेवावी. ही पहिली पायरीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि मग पुढची सारी मेहनत अंदाजावर चालते. पडदा झटकून धूळ काढावी, थंड पाण्यात भिजवावा, कोमट साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवावा. पिळू नये, चोळू नये. खळीतून काढून टॉवेलात दाबला की ओलसर असतानाच वरची कड, मग खालची, मग बाजू अशा क्रमाने खिळ्यांत अडकवावा. कड कंगोऱ्यांची असल्यास प्रत्येक कंगोऱ्याचे टोक स्वतंत्र पकडावे. एकाच मापाचे दोन-तीन पडदे एकावर एक चढवले तरी चालते. चौकट सावलीत ठेवावी. मे महिन्यात आपल्या ग्वाल्हेरीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लूबरोबर धूळ येते. त्या दिवसांत हे काम न काढणेच बरे. आश्विनातील कोरडी, शांत हवा यास उत्तम.

खळीविषयी आपल्या घरांच्या दृष्टीने थोडे अधिक सांगितले पाहिजे. जाळी ताठ करण्यासाठी पूर्वी कोठे कोठे जिलेटिन वापरीत. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते, म्हणून आपणांस सर्वथा वर्ज्य. आरारूट आणि साबुदाणा हे कंदमुळांचे पदार्थ. येथे खाण्याचा प्रश्न नसला तरी ज्या घरांत त्यांचा स्पर्श टाळतात त्यांनी गाळलेल्या पाण्यात तांदळाची पातळ खळ करावी. जाळीला ती पुरेशी होते. लागेल तेवढीच करावी आणि त्याच दिवशी संपवावी. शिळी खळ आंबते, तिच्यात जीवोत्पत्ती होते, आणि जाळीलाही तिचा वास राहतो. बाजारातील तयार खळ घ्यायचीच झाल्यास तिच्यात काय आहे ते वेष्टनावर वाचून घ्यावे.

हे साधन सर्वांसच हवे असे आम्ही म्हणणार नाही. आज दुकानांत मिळणारे बहुतेक जाळीचे पडदे पॉलिस्टरचे असतात. त्यांचा आकार कारखान्यातच उष्णतेने पक्का केलेला असतो. ते धुऊन तसेच टांगले तरी बिघडत नाहीत. याच कारणाने परदेशांतूनही या चौकटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडल्या. परंतु सुती जाळी, आजीच्या हातचे क्रोशाचे पडदे आणि रुमाल, लग्नात आलेली जुनी लेस यांना दुसरा तितका चांगला उपाय नाही. चंदेरीच्या पडद्यांस मात्र खिळे लावू नयेत. ते कापड विणलेले असले तरी विरळ व नाजूक असते. खिळ्यापाशी धागे सरकतात आणि भोक कायमचे राहते. ते सावलीत आडवे पसरून वाळवावे.

दुकानदार बंधूंनी सुती जाळी विकताना धुण्यापूर्वीचे माप पावतीवरच लिहून द्यावे आणि ‘धुतल्यावर ताणून वाळवावे’ एवढी एक ओळ तिच्याखाली घालावी. ज्यांचा या मालाचा खप बरा आहे त्यांनी एक चौकट दुकानी ठेवली तर तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थाचा पडदा भिजवून, त्याच्यासमक्ष खुणेवर ताणून दाखवता येईल. वाद मिटवण्यास यासारखा साक्षीदार नाही, आणि पडदाही बहुधा मूळ मापास येतो. आतील सूत जीर्ण झाले असेल तर जोर लावू नये. अशी जाळी खिळ्यावरच फाटते आणि मग तक्रार दुप्पट होते.

चौकट घडी करताना खिळ्यांची बाजू आत येईल असे पाहावे, वरून जाड कापड गुंडाळावे, आणि घरात लहान मुले असल्यास ती माळ्यावर टाकावी.