थर्मोस्टॅटने वाचवलं की थंडीने?

फ्रिज, गीझर, इस्त्री यांच्या पोटात थर्मोस्टॅट असतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पण भिंतीवर लावलेला, घरातल्या प्रत्येकाने येता-जाता बोट लावायचा आणि त्यावरून नवरा-बायकोत कुरबुर व्हायची, असा थर्मोस्टॅट अमेरिकेत गेल्यावरच भेटतो. बेसमेंटमधली फर्नेस आणि बाहेरचा एसी कधी चालू व्हायचा, कधी थांबायचा हे तो ठरवतो. तिथल्या घरात वर्षभरात जी ऊर्जा लागते, तिच्यातली साधारण निम्मी घर गरम किंवा गार ठेवण्यातच जाते. त्यामुळे ही छोटी डबी शहाणी झाली तर बिल उतरेल, असं वाटणं साहजिक आहे.

ती शहाणी झाली असं सांगणारं नेस्ट कंपनीचं यंत्र २०११ मध्ये बाजारात आलं. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरना घेतली. टोरांटोची इकोबी याच धंद्यात नेस्टच्या आधीपासून होती. घरात कोणी आहे का हे ओळखणं, सवयी शिकणं, फोनवरून हुकूम घेणं, ही या यंत्रांची कामं. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या उपनगरात मराठी मंडळी जमली की कोणीतरी हमखास विचारतं, ‘खरंच पैसे वाचतात का रे याने?’ उत्तरं दोन्ही बाजूंनी ठामपणे येतात आणि बहुतेक सगळी जानेवारीच्या एकाच बिलावरून दिलेली असतात.

आधी बचत येते कुठून ते पाहू. घर उष्णता गमावतं ते आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. आत ६८ अंश फॅरेनहाइट आणि बाहेर ३२ असेल, तर फरक ३६ अंशांचा. रात्री आठ तास आतलं तापमान ६० वर आणलं तर फरक २८ चा, म्हणजे त्या तासांत गळती २२ टक्क्यांनी कमी. आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणून दिवसभराच्या हिशेबात ही बचत सातेक टक्के. तीही जास्तीत जास्त, कारण घर काही क्षणात ६० वर येत नाही. जितकं घर नीट बांधलेलं, भिंतींत इन्सुलेशन चांगलं, तितकं ते हळू निवतं आणि तितकी ही बचत आक्रसते. अमेरिकेचं ऊर्जा खातं ७ ते १० अंश आठ तास खाली ठेवल्यास वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचेल असं सांगतं. त्यातला ‘पर्यंत’ विसरायचा नाही.

‘पण सकाळी पुन्हा तापवायला जास्त गॅस जातो ना?’ ही शंका फार चिवट आहे. गळक्या बादलीत पाणी काठोकाठ असतं तेव्हा भोकातून धार जोरात लागते. पातळी उतरली की धारही मंदावते. रात्रभर पातळी खाली ठेवली तर एकूण पाणी कमीच गळतं आणि सकाळी भरायचं तेही तेवढंच, जेवढं ओसरलं. गॅसच्या फर्नेसला हे सरळ लागू पडतं. फर्नेसऐवजी हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी. तापमान झटकन वर न्यायला सांगितलं की तो मदतीला विजेच्या कॉइल लावतो आणि त्या रात्रीची कमाई तासाभरात खाऊन टाकू शकतात.

तापमान खाली आणायला शहाणं यंत्र लागतंच असंही नाही. वेळापत्रक लावता येणारे साधे थर्मोस्टॅट कितीतरी आधीपासून मिळत होते. लोक ते लावतच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी लोकांकडून त्यांच्या थर्मोस्टॅटचे फोटो मागवले, तेव्हा जवळपास निम्मे कायमचे ‘होल्ड’वर, म्हणजे वेळापत्रक थांबवून एकाच तापमानावर, आणि पाचांतला एक चुकीची वेळ दाखवणारा निघाला. बचत सिद्ध होत नाही म्हणून सरकारी ‘एनर्जी स्टार’ शिक्काही २००९ च्या अखेरीस या साध्या यंत्रांवरून काढून घेतला गेला.

२०१७ मध्ये शिक्का परत आला, पण इंटरनेटला जोडलेल्या थर्मोस्टॅटसाठी आणि अट घालून: खऱ्या घरांतल्या नोंदींवरून हीटिंगचा चालण्याचा वेळ ८ टक्के आणि कूलिंगचा १० टक्के कमी झालेला दाखवा. कमी, पण कशाच्या तुलनेत? तुमच्या गेल्या वर्षीच्या बिलाच्या नव्हे. तुमच्याच घरातल्या हिवाळी तापमानाच्या नोंदींतून एक आकडा काढतात, शंभरातल्या नव्वद नोंदी ज्याच्या खाली राहतात तो. मग असं मानतात की थर्मोस्टॅट नसता तर तुम्ही घर अहोरात्र त्याच आकड्यावर ठेवलं असतं. मला ही रीत लबाडीची वाटत नाही. लाखो घरांची यंत्रं एका फूटपट्टीने मोजायची तर असं काहीतरी गृहीत धरावंच लागतं. पण रोज झोपण्याआधी जी बाई स्वतः जाऊन ६२ करते, तिच्या घरातही हे गणित ‘बचत’ दाखवणार. ती तर आधीपासूनच होत होती.

आता स्वतःचा हिशेब. लागणारं साहित्य: दोन हिवाळ्यांची गॅसची बिलं, एक उन्हाळी बिल आणि डिग्री-डे. दिवसाचं सरासरी तापमान ६५ मधून वजा करायचं. सरासरी ३५ असेल तर त्या दिवसाचे ३० डिग्री-डे. महिन्याची बेरीज केली की थंडी किती होती ते एका आकड्यात येतं. जवळच्या हवामान केंद्राचे हे आकडे फुकट मिळतात. बेरीज मात्र बिलावरच्या मीटर-वाचनाच्या तारखांप्रमाणे करायची, कॅलेंडरप्रमाणे नाही. अर्धी गफलत इथेच होते.

समजा, उन्हाळ्यात महिन्याला २० थर्म (बिलावर गॅस मोजायचं एकक) गॅस लागतो. तो अंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक यांचा, म्हणून प्रत्येक बिलातून तेवढा वजा. गेल्या जानेवारीत बिल १७० थर्मचं, डिग्री-डे १,०००. म्हणजे १५० भागिले १,०००, दर डिग्री-डेला ०.१५ थर्म. नवा थर्मोस्टॅट लावला आणि या जानेवारीत बिल आलं १४६ थर्मचं. चोवीस थर्म वाचले, १४ टक्के! फोटो काढून ग्रुपवर टाकावा असा आकडा. पण यंदा डिग्री-डे होते ८४०. १२६ भागिले ८४०, पुन्हा ०.१५. थर्मोस्टॅटने काहीही केलेलं नाही, हिवाळाच सौम्य होता. तोच भागाकार ०.१३८ आला असता, तर ८ टक्के त्याच्या नावावर मांडता आले असते. एका महिन्यावरून निकाल देऊ नये, निदान पूर्ण हिवाळा धरावा. मध्येच खिडक्या बदलल्या, बाळ झालं किंवा कोणी घरून काम करू लागलं, तर ते वहीत लिहून ठेवावं.

मोठ्या अभ्यासांनाही याच अडचणी येतात. नेस्टने २०१५ मध्ये ग्राहकांची आधीची-नंतरची बिलं आणि काही स्वतंत्र पाहण्या एकत्र करून हीटिंगमध्ये १० ते १२ टक्के, कूलिंगमध्ये सुमारे १५ टक्के बचत मांडली. उलट अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मध्य कॅलिफोर्नियातल्या १,३८५ घरांच्या प्रयोगाचे निष्कर्ष दिले. तिथे यंत्र कोणाला मिळणार हे सोडतीने ठरलं होतं. अठरा महिन्यांत म्हणावी अशी बचत दिसली नाही, कारण लोक वेळापत्रक बाजूला सारून आपल्याला हवं ते तापमान लावत राहिले. माझा कल सोडतीच्या प्रयोगाकडे आहे. हौसेने यंत्र विकत घेणारा माणूस बिलाकडेही एरवीपेक्षा जास्त लक्ष देतो आणि ते श्रेय यंत्राला जातं. अर्थात कॅलिफोर्नियाचा हिवाळा मिनेसोटाचा नव्हे, हेही धरायला हवं.

यंत्राने मिळणाऱ्या समाधानाचं मोजमाप याहून अवघड. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात. अंथरुणातून न उठता फोनवरून हीट वाढवता येते, हेच त्यांना पुरतं. खरी नाराजी घरात घडते. भारतातून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले असतात. मुलगा-सून ऑफिसला, सेन्सर खालच्या पॅसेजमध्ये आणि आई वरच्या खोलीत शाल गुंडाळून मालिका बघत बसलेल्या. पॅसेजमधून कोणी गेलं नाही, म्हणून यंत्र समजतं घर रिकामं आहे आणि तापमान उतरवतं. ‘अहो, हीट बंद पडली वाटतं, हात गार पडलेत माझे.’ बाबा खाली उतरतात, ७४ करतात, होल्ड दाबतात. संध्याकाळी मुलाला ॲपमध्ये ते दिसतं आणि जेवताना कोणी विषय काढत नाही. खोल्यांमध्ये ठेवायचे वेगळे सेन्सर मिळतात. अशा घरात ते आधी घ्यावेत.

म्हणून समाधान मोजायचं तर प्रश्नावलीपेक्षा ॲपमधला इतिहास बघावा: आठवड्यात कितीदा, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला हाताने तापमान बदललं गेलं. पहिल्या पंधरवड्यात हे जास्त असणारच. दोन महिन्यांनीही रोज सकाळी सातला कोणी वाढवत असेल, तर वेळापत्रक चुकलंय.

ताबा कोणाकडे, हाही समाधानाचाच भाग. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलोरॅडोत कडक उन्हाळा असताना वीजकंपनी एक्सेलने सुमारे २२,००० घरांचे थर्मोस्टॅट काही तास कुलूपबंद केले. त्या घरांनी बिलात सूट घेऊन, कंपनीला तापमान ठरवू देणाऱ्या योजनेत स्वतःच नाव नोंदवलं होतं, तरी गदारोळ झाला. अशा योजनेत नाव घालण्याआधी तापमान परत आपल्या हाताने बदलता येतं का, हा एक प्रश्न विचारून घ्यावा.

राहिला पैशाचा भाग. हिवाळ्यात फक्त हीटिंगला ७०० थर्म लागत असतील आणि थर्म दीड डॉलरला पडत असेल, तर ८ टक्के म्हणजे ५६ थर्म, ८४ डॉलर. दोनशे डॉलरचं यंत्र अडीच हिवाळ्यांत फिटतं. गॅस कंपनीने सूट दिली तर त्याआधीच. पण भिंतीत विजेचे बेसबोर्ड हीटर असतील तर यातली बरीचशी यंत्रं तिथे चालतच नाहीत, ती २४ व्होल्टच्या तारांसाठी बनलेली असतात. आणि घरात कोणी रोज रात्री आठवणीने तापमान उतरवत असेल, तर ८४ च्या जागी शून्य धरून, फोनवरून हीट लावण्याच्या सोयीला दोनशे डॉलर द्यायचे आहेत का, एवढंच ठरवायचं.