तेजीतला तोटा

"मामा, शेअर चढला आणि मी बुडालो! असं कसं झालं?"

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला, त्यातलं हे पहिलं वाक्य. फराळाचं पार्सल पोहोचलं का, हे विचारायचंही मी विसरलो.

हकीकत अशी. तिकडच्या एका लहान औषध कंपनीचं नवं औषध सरकारी मंजुरीसाठी गेलं होतं. कंपनीला दुसरा धंदा नाही, नफा नाही. सारी भिस्त त्या एका निकालावर. शेअरचा भाव १० डॉलर. चिरंजीवांनी शेअर घेतला नाही. तीन महिन्यांत तो १० डॉलरला घेण्याचा हक्क तेवढा विकत घेतला. हाच 'कॉल ऑप्शन'. मुंबईच्या बाजारात याला 'तेजी' म्हणत आणि विकण्याच्या हक्काला 'मंदी'. शेअरांतला हा व्यवहार आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने बंद झाला. २००१ साली तो राजरोस परतला, पण निवडक मोठ्या कंपन्यांपुरताच. अमेरिकेत मात्र कित्येक लहान कंपन्यांवरही तो चालतो.

घर घेताना आपण विसार देतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की हा विसार किमतीतून वळता होत नाही.

भाच्याला शेअरमागे ३ डॉलर पडले. त्याने अर्थ काढला, 'एवढा भाव, म्हणजे जाणत्यांना निकाल ठाऊक असणार!' मोटारीसाठी साठवलेले ३,००० डॉलर देऊन त्याने हजार शेअरांचा हक्क घेतला.

"त्या दिवशी मंदीचा भाव काय होता रे?" मी विचारलं.

त्याने शोधून सांगितलं, "तोही ३ च्या आसपासच!"

इथेच तर ग्यानबाची मेख आहे! चालू भावाने घेण्याचा आणि विकण्याचा हक्क जवळजवळ सारख्याच किमतीला मिळतो. किंमत महाग असली तर हादरा मोठा बसेल एवढंच कळतं. तो वर की खाली, हे नाही. १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी मांडलेल्या प्रसिद्ध सूत्रात भावाची चंचलता आहे, मुदत आहे, व्याज आहे. शेअर चढेल की पडेल या अंदाजाला मात्र जागाच नाही.

निकाल अनुकूल लागला. भाव १२ वर गेला आणि मुदतीअखेर तिथेच राहिला. हाती आले २,०००, गेले होते ३,०००. पैसे सुटायचे तर भाव १३ च्या पुढे जायला हवा होता.

"अरे, छत्र्या महागल्या म्हणजे आभाळ भरून आलंय एवढंच समजावं," मी म्हटलं. "पाऊस पडेलच असं नाही. आणि हो, पार्सल पोहोचलं का?"

"पोहोचलं. पण मामा, चकल्यांचा चुरा झाला!"