द्विमार्गी धोरण, उच्च शिक्षणातील
सनदप्राप्त स्वायत्त विद्यापीठे हा एक आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या नियंत्रणाखालील तांत्रिक व व्यावसायिक महाविद्यालये हा दुसरा, असे उच्च शिक्षणाचे दोन मार्ग जाणीवपूर्वक वेगळे राखण्याचे ब्रिटिश शासनाचे धोरण. इंग्लंड व वेल्समध्ये ते १९६५ ते १९९२ पर्यंत अमलात होते.

तंत्रमहाविद्यालयाने लौकिक मिळविला, की कालांतराने त्यास विद्यापीठ करावयाचे, ही त्यापूर्वीची रीत होती. १९५६ च्या श्वेतपत्रिकेनंतर निवडण्यात आलेल्या आणि पुढे दहा झालेल्या प्रगत तंत्रविद्या महाविद्यालयांना विद्यापीठीय दर्जा द्यावा, अशी शिफारस रॉबिन्झ समितीने १९६३ मध्ये केली. तदनुसार लफबरो, ॲस्टन, ब्रॅडफर्ड, सॉल्फर्ड इ. विद्यापीठे १९६६-६७ मध्ये अस्तित्वात आली.

ही शिडी पुढेही खुली ठेवावी काय, या प्रश्नास मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँटनी क्रॉसलंड यांनी २७ एप्रिल १९६५ रोजी वुलिच येथील भाषणात नकारार्थी उत्तर दिले. उत्तम महाविद्यालये एकेक करून निघून गेल्यास मागे उरणारे क्षेत्र कायमचे दुय्यम ठरेल, तसेच उच्च शिक्षणाचा काही भाग तरी समाजाच्या गरजांना थेट उत्तरदायी असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे भाषण घाईने केले गेले, हे पुढे त्यांनीच मान्य केले. धोरण मात्र टिकले. १९६९ ते १९७३ या काळात ३० पॉलिटेक्निके स्थापन झाली. महाराष्ट्रातील पदविका देणाऱ्या तंत्रनिकेतनांशी त्यांची गल्लत करू नये. त्यांत पदवीचे अध्यापन होई. परंतु पदवी देण्याचा अधिकार संस्थेला नसून १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक पदवी परिषदेला होता. खरी मेख येथेच होती. परिषदेचे तज्ज्ञ अभ्यासक्रम, अध्यापकवर्ग व ग्रंथालये तपासून मान्यता देत, त्यामुळे पदवीचा दर्जा विद्यापीठांच्या तोडीचा राहिला. आणि पदवी तुल्य असताना संस्था कनिष्ठ का, हा प्रश्न त्यामुळेच बळावला. दरम्यान मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांचा विस्तार होऊन पॉलिटेक्निके विद्यापीठांसारखीच दिसू लागली होती. १९८८ च्या कायद्याने ती १ एप्रिल १९८९ पासून स्थानिक प्राधिकरणांपासून मुक्त झाली. १९९२ च्या कायद्याने त्यांना पदवीदानाचा अधिकार व ‘विद्यापीठ’ हे नाव मिळाले. परिषदही विसर्जित करण्यात आली.

भारतात असा सरसकट निर्णय झाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ मधील कलम ३ अन्वये निवडक संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात येतो. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेस तो १९५८ मध्ये, तर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेस २००८ मध्ये मिळाला. अशा संस्थांनी आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बजावले.